मावळातील वर्षावास

ज्या देशात वर्षाचे चार महिने पाऊस कोसळतो, त्या देशात चालणाऱ्या माणसाला केव्हा तरी थांबावेच लागते. आणि जेथे सर्वांनाच एका वेळी थांबावे लागते, तेथे थांबण्याचेही एक शास्त्र निर्माण होते. बौद्धांचा वर्षावास, जैन साधूंचा चातुर्मास आणि संन्याशांचा पावसाळी मुक्काम ही त्याच शास्त्राची तीन रूपे होत. पावसाळ्यातही हे श्रमण कोवळे तृणांकुर आणि बारीक जीवजंतू तुडवीत हिंडतात. पाखरेसुद्धा ह्या दिवसांत घरटी बांधून बसतात, मग ह्यांनाच उसंत का नसावी, अशी लोकांची कुरकुर झाल्यावरून बुद्धाने भिक्षूंना तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे एकांतवासाची ही संस्था एकांतप्रिय माणसांच्या लहरीतून निघाली नाही. ती लोकांच्या तक्रारीतून निघाली. ही गोष्ट आम्ही आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढील विवेचनाचा रोख तिच्याकडेच आहे.

आठ-दहा दिवस घर सोडून डोंगरात किंवा समुद्रकाठी जाऊन राहावे, तेथे आसने, प्राणायाम व ध्यान करावे आणि मग परत यावे, अशी चाल आपल्या सुशिक्षित कुटुंबांत आता चांगलीच रुळली आहे. तिला कोणी श्रीमंतांची हौस म्हणून हसतात. कोणी ऋषींच्या आश्रमांचे पुनरुज्जीवन म्हणून तिचा गौरव करतात. हसणाऱ्यांना आणि गौरविणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जो मावळ प्रांत आहे, त्याचा ह्या एका बाबतीतील दोन हजार वर्षांचा इतिहास त्यांनी एकदा नजरेखालून घालावा. एकांतात बसणाऱ्याचा खर्च कोण सोसतो, आणि एकांतात मिळालेल्या वस्तूचा हिशेब तो कोणाला देतो, हे दोन प्रश्न ह्या इतिहासात पुन:पुन्हा उभे राहतात. त्यांची उत्तरे प्रत्येक काळाने निरनिराळी दिली आहेत.

भाजे, बेडसे आणि कार्ले ही मावळातील तीन लेणी सर्वांच्या परिचयाची आहेत. पैकी भाज्याचे खोदकाम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून सुरू झाले, आणि कार्ल्याचे भव्य चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे पुरे झाले. सुमारे १२४ फूट लांबीचा हा दगडी मंडप भारतातील कोरीव चैत्यगृहांत अग्रगण्य गणला जातो. शाळकरी मुलांना घेऊन जाणारे शिक्षक तेथील खांबांवरील हत्ती आणि छताला आजवर टिकून राहिलेल्या लाकडी कमानी आवर्जून दाखवितात. खांबांवरची अक्षरे मात्र क्वचितच कोणी दाखवितो. वस्तुत: आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत.

हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्कृष्ट आहे अशी प्रौढी मिरविणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील वनवासीचा, श्रेष्ठी होता. दारासमोरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठ्याने दिला. एका दाराचा खर्च धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरे व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, सोसला. दुसऱ्या एका दाराशी वेणुवासाचा पुत्र सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. आतील कित्येक खांब यवनांनी दिले, आणि आपण यवन आहोत हे त्यांनी खांबांवर स्पष्ट कोरून ठेवले. आणखी एक दाता सोपाऱ्याचा आहे. सोपारा हे त्या काळचे मोठे बंदर. सोपारा, कल्याण आणि चौल येथे गलबते लागत. तेथील माल बैलांच्या पाठीवर लादून बोरघाटाने वर चढे. आणि घाटमाथ्यावर पहिली उसंत मिळे ती इंद्रायणीच्या खोऱ्यात. ज्या डोंगरात भिक्षू जगाकडे पाठ करून बसले होते, त्या डोंगराच्या पायथ्याशीच जगाचा राजरस्ता होता. समुद्रावरील व्यापाराने डोंगरातील शांततेची किंमत भरली, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही. ह्या नात्याची एक खूण अद्याप शिल्लक आहे. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे, आणि चैत्रातील यात्रेला आजही मुंबईच्या व कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव घाट चढून तेथे येतात.

दान देऊन मंडप उभा राहील. पण पावसाच्या तीन महिन्यांत बसणाऱ्यांनी खावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तरही कार्ल्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने ‘वलूरक’ येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या संघाच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे एक गाव दिले. वलूरक हे कार्ल्याचे तेव्हाचे नाव. पुढे नहपानाचे राज्य सातवाहनांनी जिंकले. परंतु जिंकणाऱ्या राजानेही ‘मामाल’ येथील अमात्यास आज्ञा करून तेच गाव भिक्षूंकडे कायम ठेवले, आणि राजपुरुषांनी त्यात प्रवेश करू नये, अशा सवलती त्याला जोडून दिल्या. हे मामाल म्हणजेच आपले मावळ. मावळ हे नाव कागदावर येण्यापूर्वी असे दगडावर आले, आणि तेही पावसाळी एकांतवासाच्या खर्चाची तरतूद करण्याच्या निमित्ताने. दोन वैरी राजघराण्यांत राज्य फिरले, पण वर्षावासाचे अन्न फिरले नाही, ही गोष्ट त्या काळाच्या राजनीतीला भूषणावह आहे.

ह्याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातील एक लेख तर एखाद्या पेढीच्या खतावणीसारखा आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. त्याचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत असे त्यात सांगितले आहे. आणि वीस बारे दोनशे चाळीस हे गणित कोणत्याही विद्यार्थ्यास जमण्याजोगे आहे. आणखी १००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्का व्याजाने ठेवून इतर किरकोळ खर्चाची सोय केली आहे. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, केवळ व्याज खर्चावयाचे, ही अटही दात्याने विसरली नाही. ध्यानाला बसलेल्या भिक्षूच्या अंगावरील वस्त्रामागे विणकराचा माग चालू होता, व्याजाचा दर ठरलेला होता, आणि तो दगडावर कोरून जाहीर केलेला होता.

परंतु एक मनुष्य ह्या लेखांत नावाने कोठेच येत नाही. तो म्हणजे करजिक गावचा शेतकरी. आषाढाच्या पौर्णिमेनंतर भिक्षू लेण्यात स्थिर होत, नेमक्या त्याच दिवसांत हा शेतकरी खाचरातील चिखलात भातलावणीला वाकलेला असे. एकाने पावसापासून आसरा घ्यावा आणि दुसऱ्याने पावसात उभे राहून त्याला पोसावे, अशी ही व्यवस्था होती. गाव राजाने दिले, पुण्य राजाच्या नावे लिहिले गेले, धान्य मात्र शेतकऱ्याने दिले. बौद्ध संघाच्या बाजूने इतके सांगितलेच पाहिजे की, ह्या ऋणाची जाणीव त्याच्या आचारधर्मात होती. तीन महिने संपले, आश्विनी पौर्णिमा आली, म्हणजे भिक्षू ‘प्रवारणा’ नावाचा विधी करीत. एकत्र राहिलेल्या प्रत्येकाने उठून सोबत्यांना विनवावयाचे की, माझ्या आचरणात तुम्ही जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची तुम्हांला शंका आली, ते मला सांगा, म्हणजे मी ते सुधारीन. एकांतवासाची सांगता अशी परीक्षेने होई. ज्याला ही परीक्षा नको, त्याचा वर्षावास पुरा झाला असे मानीत नसत. आमच्या मते वर्षावासाच्या संस्थेतील हा सर्वांत मोलाचा भाग होय.

गावाच्या उत्पन्नावर न राहणारे साधकही मावळात होते. बेडशाच्या लेण्यापाशी गोभूति नावाच्या एका भिक्षूचा लहानसा स्तूप आहे. तो आरण्यक व पिंडपातिक होता, म्हणजे अरण्यात राहून केवळ मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करीत होता, एवढीच त्याची माहिती त्याच्या शिष्याने कोरून ठेविली आहे. कार्ल्याच्या धनाढ्य दात्यांच्या मांदियाळीत ह्या एका भिक्षेकऱ्याचे नाव वाचले म्हणजे मन क्षणभर थबकते. मात्र त्यालाही भिक्षा घालणारे घर लागत होतेच. कोणाचेही न खाता केलेला एकांतवास मावळच्या इतिहासाला ठाऊक नाही.

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी कार्ल्याच्या पायथ्यावरून वाहत पुढे देहू आणि आळंदी ह्यांना भेटते, हा योगायोग भूगोलाचा खरा. पण तो अर्थपूर्ण आहे. आळंदीला ज्यांची समाधी आहे त्या ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला योग्य अशा स्थळाचे विस्ताराने वर्णन केले आणि कुंडलिनीचा मार्ग मराठीत प्रथमच इतक्या तपशिलाने उलगडून दाखविला. त्याच ग्रंथात त्यांनी सामान्य जनांसाठी भक्तीचा राजमार्गही खुला ठेवला. देहूच्या तुकोबांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर ते भामचंद्र व भंडारा ह्या डोंगरांवर एकांतात जाऊन बसले. भंडाऱ्याचा डोंगर मावळच्याच हद्दीत येतो. परंतु तुकोबांची थोरवी डोंगर चढण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक ती डोंगर उतरण्यात आहे. ते खाली आले, कीर्तनाला उभे राहिले, आणि आपल्या मनाचे सर्व व्यवहार, त्यातील लाज व संशय ह्यांसुद्धा, त्यांनी गावापुढे उघडे केले. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे व्यवसायाने तेली होते, आणि त्यांची समाधी मावळातील सुदुंबऱ्यास आहे. भिक्षूंची प्रवारणा संघापुरती होती. तुकोबांनी ती सगळ्या गावाला खुली केली, असे म्हणता येईल.

ह्यानंतर मावळाच्या इतिहासातील मोठा फेरबदल झाला तो रस्त्यामुळे. १८३० साली बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला, आणि १८६३ साली आगगाडी घाट चढून वर आली. हजारो मजुरांनी हा लोहमार्ग कोरला, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येने पटकी व अपघात ह्यांत प्राण गमावले. मुंबईच्या धनिकांना समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंचीची थंड हवा ह्या लोहमार्गाने काही तासांच्या अंतरावर आणून ठेविली आणि लोणावळे व खंडाळे येथे बंगले उभे राहू लागले. अमेरिकेत थोरो हा विचारवंत १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी एकांतात राहावयास गेला, तेव्हा त्याच्या झोपडीजवळूनही आगगाडी जात होती, आणि त्याची जागाही त्याच्या मित्राच्या मालकीची होती. त्याचा मोठेपणा हा की, त्याने ह्या गोष्टी लपविल्या नाहीत. झोपडीला किती खर्च आला हे त्याने आपल्या पुस्तकात सेंटासेंटाने मांडले. प्रामाणिक एकांतवासी आपला हिशेब लपवीत नाही, हे सत्य पूर्व-पश्चिमेस सारखेच आहे.

आता आपण अर्वाचीन काळाकडे येऊ. नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे मूळचे बंगाली योगी राहत असत. त्यांच्या दोन शिष्यांनी विसाव्या शतकातील योगाचे स्वरूप पालटून टाकले. पहिले मणिभाई हरिभाई देसाई, जे पुढे श्री योगेंद्र ह्या नावाने प्रसिद्ध झाले. १९१८ च्या डिसेंबरात त्यांनी मुंबईजवळ वर्सोव्याच्या समुद्रकाठी, दादाभाई नौरोजींच्या ‘द सँड्स’ नावाच्या बंगल्यात, आपली योगसंस्था सुरू केली. योगविद्या गुहेतून काढून गृहस्थाच्या ओसरीवर आणावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी स्वत: विवाह केला, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी ह्यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहिले. ज्या विद्येच्या वाटेवर संसार हा अडथळा समजत, तिलाच त्यांनी संसारात नांदविले.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात् स्वामी कुवलयानंद. त्यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभई येथे मराठी कुटुंबात झाला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, बडोद्यास प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत शरीर कमावले. अरविंद घोष व लोकमान्य टिळक ह्यांच्या प्रभावाने राष्ट्रकार्याची दीक्षा घेतली. आणि अमळनेरास राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत अध्यापन केले. १९१९ साली त्यांची माधवदासजींशी गाठ पडली. गुरूने शिकविलेल्या क्रियांचा अनुभव तर येत होता; पण त्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, ह्याचे उत्तर परंपरेजवळ नव्हते आणि वैद्यकाने तर तो प्रश्नच विचारला नव्हता. तेव्हा त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान व नौली ह्या क्रियांचे परीक्षण करण्यास आरंभ केला. १९२४ च्या विजयादशमीस त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस, आणि वर्षावासाच्या सांगतेची आश्विनी पौर्णिमा त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी येते. तिथीचा हा मेळ कोणी मुद्दाम साधला नसेल. पण तो ह्या संस्थेला शोभतो.

कारण कैवल्यधामाबरोबरच त्यांनी ‘योगमीमांसा’ नावाचे नियतकालिक सुरू केले, आणि आमच्या दृष्टीने हे नियतकालिक म्हणजे नव्या युगातील प्रवारणाच होय. आम्ही अमुक क्रिया केली, अमुक यंत्राने मोजली, अमुक आकडे आले. ह्यांत काही चुकले असेल तर सांगा, असे जगातील शास्त्रज्ञांना केलेले ते आवाहन होते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब कमी होतो व अंशत: निर्वात स्थिती निर्माण होते, हे स्वामींनी दाबमापकाने दाखविले आणि त्या निर्वाताला गुरूचे नाव दिले. बस्तीच्या वेळी पाणी वर का ओढले जाते, ह्या जुन्या कोड्याचा त्यामुळे उलगडा झाला. त्याहूनही आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. प्राणायामाने शरीरात पुष्कळ अधिक प्राणवायू भरला जातो, ही समजूत तेव्हाही लोकप्रिय होती आणि आजही आहे. योगाच्या प्रचारकास ती फारच सोयीची. परंतु मोजमाप केल्यावर स्वामींनी ती मान्य केली नाही. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र शोधले पाहिजे, असे त्यांनी मत दिले. आपल्याच पक्षाला उपकारक असलेली समजूत सोडून देणे हे आसन फार थोड्यांना साधते.

हीच वृत्ती त्यांनी आपल्याकडे येणाऱ्यांतही वाढू दिली. केरळातील कोवूर बेहनान हे येल विद्यापीठाचे अभ्यासक १९३१ च्या सुमारास लोणावळ्यास येऊन त्यांच्या हाताखाली राहिले, आणि १९३७ साली त्यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. योगाभ्यासाने मनाला स्थैर्य येते हे त्यांनी नमूद केलेच. पण प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजा-वजाबाक्यांसारख्या साध्या परीक्षांत आपली गती मंदावलेली आढळली, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. पुढे १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक लोणावळ्यासह भारतात ठिकठिकाणी उपकरणे घेऊन फिरले. काही योग्यांच्या नाडीचे व हृदयाचे ठोके ऐकू येईनासे झाले, तरी विद्युत्-आलेखावर हृदयाचे काम चालूच असल्याचे त्यांना दिसले. चमत्काराच्या चाहत्यांची ह्याने निराशा झाली असेल. पण ज्या संस्थेच्या दारात अशी निराशा करणाऱ्या यंत्रांना प्रवेश मिळतो, ती संस्था आपल्या विद्येचा खरा मान राखते, असे आम्ही समजतो.

ह्यावर एक आक्षेप घेण्यात येतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. आक्षेपक म्हणतात की, योगाचे साध्य कैवल्य. ते दाबमापकात कसे सापडणार? मोजता येते तेवढेच खरे असे मानण्याची सवय लागली, म्हणजे योगाचा व्यायाम होतो आणि आश्रमाचे आरोग्यभवन होते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि स्वामींना ते दिसत नव्हते असे नाही. प्रयोगशाळेच्या बरोबरीने त्यांनी हस्तलिखितांच्या संशोधनाचे काम चालविले. त्यांच्या पश्चात् स्वामी दिगंबरजी व रघुनाथशास्त्री कोकजे ह्यांनी संपादिलेली हठप्रदीपिकेची आवृत्ती १९७० साली कैवल्यधामाने प्रसिद्ध केली. केवळ साधनेसाठी म्हणून अलिबागजवळ कनकेश्वरच्या डोंगरावर, जेथून समुद्र दृष्टीस पडतो अशा ठिकाणी, संस्थेने एक केंद्रही काढले होते. तथापि आक्षेपाचे खरे उत्तर आमच्या मते असे आहे : कैवल्य मोजता येत नाही, हे कबूल, पण कैवल्याच्या नावाने केलेली विधाने तपासता येतात. अमुक क्रियेने अमुक रोग जातो, असे जो म्हणतो, त्याने स्वत:च मोजमापाच्या प्रांतात पाऊल टाकलेले असते. मग मोजणाऱ्याचा हात धरण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

खर्चाच्या बाबतीतही नव्या काळाने जुनाच मार्ग धरला. कैवल्यधामाची मुंबईतील शाखा १९३२ साली सांताक्रूझला निघाली, आणि १९३६ साली ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर, ऐन समुद्रासमोर, ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र ह्या नावाने स्थिर झाली. लोणावळ्यास १९५१ साली योगाचे महाविद्यालय निघाले, त्याला गोरधनदास सेक्सरिया हे नाव आहे. १९६१ साली रुग्णालय निघाले, त्याला अमोलकदेवी तीरथराम गुप्ता ह्यांचे नाव आहे. कार्ल्याच्या खांबांवरील सिंहदत्त गंध्याची आणि भूतपाल श्रेष्ठीची ही वंशावळच म्हणावयाची. व्यापाराने पैसा मिळवावा, त्यातील काही डोंगरातील शांततेला द्यावा, आणि दगडावर आपले नाव कोरावे, हा क्रम दोन हजार वर्षांत बदललेला नाही. ह्यात उपहास करण्यासारखे काही नाही. १९२७ साली रक्तदाबाने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनी योगोपचारांविषयी ह्याच लोणावळ्याच्या स्वामींशी पत्रव्यवहार केला. दात्यांनी उभारलेल्या भिंतींचा उपयोग असा अनेकांना झाला आहे.

पण करजिकच्या शेतकऱ्याचे काय? १९२४ हे कैवल्यधामाच्या स्थापनेचे वर्ष. त्याच्या आधीची तीन वर्षे लोणावळ्याच्या दक्षिणेस मुळशीच्या खोऱ्यात मावळे आपल्या जमिनींसाठी झगडत होते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनी मुळा नदीवर धरण बांधीत होती, आणि त्याच्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची भातखाचरे जाणार होती. १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापटांनी केले. धरण झाले, गावे बुडाली. लोणावळ्याच्या आसपासचे तलावही त्यापूर्वी वीज निर्माण करण्यासाठीच बांधलेले आहेत. आज पाहुणा ज्या निळ्या पाण्याकडे पाहून चित्त शांत करतो, ते पाणी कोणाच्या तरी शेतावर उभे आहे. आश्रमांनी हे पाणी अडविले असा आमचा आरोप मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मावळातील शांतता ही निसर्गाने फुकट दिलेली वस्तू नव्हे. तिच्यात खाचरांचे व घरांचे मोल मिसळलेले आहे, आणि जो ती उपभोगतो त्याने ते मोल ओळखावे.

हे मोल ओळखण्याची एक रीत अलीकडच्या काळातही दिसते. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन ह्यांच्यापाशी विपश्यना शिकून १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या केंद्रात दहा-दहा दिवसांची मौनशिबिरे होऊ लागली. तेथे राहण्या-जेवण्याचे शुल्क घेत नाहीत. ज्याने पूर्वी शिबिर केले असेल तोच पुढच्यांसाठी दान देऊ शकतो. म्हणजे प्रत्येक नवा साधक कोणा अनोळखी माणसाचे अन्न खाऊन ध्यान करतो, आणि ते त्याला ठाऊक असते. मंत्र, संप्रदाय किंवा मते ह्यांविषयी कोणाचा काहीही अभिप्राय असो, ही व्यवस्था वर्षावासाच्या मूळ कल्पनेच्या पुष्कळ जवळची आहे.

ह्याच्या उलट चित्रही आपल्यासमोर आहे. मावळातील टेकड्यांवर आणि कोकणच्या व गोव्याच्या किनाऱ्यांवर आता योगाची विश्रांतिगृहे सुरू झाली आहेत. तेथे ऋषींची चित्रे आहेत, समुद्राचा वारा आहे, सात्त्विक म्हणून वाढलेले भोजन आहे, आणि शेवटच्या दिवशी देयक आहे. पैसे घेण्यात पाप नाही. विणकरांच्या श्रेणीही व्याज देत-घेत होत्या. पण देयक चुकते केले म्हणजे सर्व ऋण फिटले, अशी जी समजूत तेथे नकळत होते, ती आम्हांस घातक वाटते. भिक्षूने अन्नाची किंमत पैशात दिली नव्हती, म्हणून ती आचरणात देण्याचे ओझे त्याच्यावर राही. पाहुण्याने किंमत पैशात दिली की, ते ओझे उतरते. आणि बरोबरच प्रवारणेचे कारणही नाहीसे होते. आठ दिवसांनी तो ताजातवाना होऊन घरी येतो, आणि आपण अधिक चांगला माणूस झालो की नाही, हे विचारण्याचे धाडस त्याच्या घरच्यांनाही होत नाही.

म्हणून अशा वासाला जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांना जाऊ नका असे आम्ही सांगणार नाही. चालणाऱ्याने थांबावे, हे पावसाने आपल्याला शिकविले आहे. आणि ज्यांच्या आयुष्यात पाऊससुद्धा कामाचा खोळंबा करीत नाही, त्या आजच्या नोकरदार माणसांना तर थांबण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पण जाताना त्यांनी कार्ल्याच्या पायऱ्या एकदा चढाव्यात, आणि हत्ती पाहून झाल्यावर खांबांवरची नावे पाहावीत. गंधी, सुतार, यवन, श्रेष्ठी ह्यांच्यात आपले नाव कोठे बसते, आणि करजिकच्या ज्या शेतकऱ्याचे नाव कोणी कोरले नाही त्याचे आज मावळात कोण लागतात, ह्याचा विचार करावा. परत आल्यावर आश्विनातील एखाद्या संध्याकाळी घरातील माणसांना जवळ बसवून विचारावे की, माझ्यात तुम्हांला काही फरक दिसला का, आणि अजून काय खटकते? हा प्रश्न विचारणे शीर्षासनाहून कठीण आहे. त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घेता आले, तर वर्षावास फळाला आला असे समजण्यास हरकत नाही.